लाल टोपणाची सुई

कापसाच्या त्या वाईट वर्षांत बाळापूरच्या माझ्या मेडिकलमध्ये कोणी काही अख्खे मागत नसे. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून दोन गोळ्या, बँडेजचा गुंडाळा उलगडून हातभर. खोकल्याचे औषध वाटीत ओतून देता येत नाही, म्हणून तेवढी बाटली अख्खी जायची. इन्शुलिनच्या सिरिंजचेही तेच. कंपनीकडून दहा-दहाची पाकिटे यायची, मी पाकीट फोडून एकेक विकायचो. सिरिंजला आमच्याकडे सगळे सुईच म्हणतात. एकदा टोचली की फेकायची, असा नियम. इथे ती बोथट होईपर्यंत चालायची. मी प्रत्येकाला बजावायचो आणि प्रत्येकाचे उत्तर एकच, "भाऊ, अजून टोचते ना, मंग कायले फेकू?"

इन्शुलिनची बाटली थंड ठेवावी लागते आणि वीज तर अर्धा अर्धा दिवस नसायची. मग लोकांनी आपली सोय काढली होती. मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडके, त्यात बाटली. ज्यांना तेही जमत नसे त्यांच्या बाटल्या माझ्या फ्रीजमध्ये असायच्या. आमची मंडळी, म्हणजे बायको, दुपारचे दुकान सांभाळायची. ती म्हणायची, "आपल्या फ्रीजमदी कोथिंबीर ठेवाले जागा नाही, पन सारा गाव गार आहे." या व्यवस्थेचा एक फायदा असा की गावात इन्शुलिन कोण घेतो, किती घेतो आणि कोणाचा डोस कधी बदलला, हे मला तोंडपाठ होते.

पुढचे समजावे म्हणून सुयांचा हिशेब आधी सांगतो. अवघड काही नाही. इन्शुलिन दोन ताकदीचे मिळते. एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट असलेले आणि शंभर युनिट असलेले. आपल्याकडे बाटलीतले बहुतेक चाळीसचेच. म्हणून सुयाही दोन तऱ्हेच्या. चाळीसच्या सुईला लाल टोपण, तिच्यावर शेवटचा आकडा चाळीस. शंभरच्या सुईला नारिंगी टोपण, शेवटचा आकडा शंभर. नळी दोन्हींची तेवढीच, एका मिलिलिटरची. म्हणजे चाळीसच्या बाटलीतले औषध चुकून शंभरच्या सुईने घेतले, तर वीसच्या आकड्यापर्यंत भरूनही पोटात आठच युनिट जातात. अडीचपट फरक. म्हणून मी नारिंगी टोपणाची सुई दुकानात ठेवतच नसे. नसेल तर चुकीची जाणार नाही, असा माझा साधा नियम होता.

माझ्या गिऱ्हाइकांत एक चाची होत्या. किल्ल्याकडच्या गल्लीत पायमशीनवर कपडे शिवायच्या. लग्नसराईत गावातले निम्मे ब्लाउज आणि कुर्ते त्यांच्या हातचे. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती, मुलगी अचलपूरला दिलेली. शुगर जुनी, पण वीस युनिट सकाळी, वीस संध्याकाळी या डोसावर त्या नीट चालल्या होत्या. टेपावरच्या रेघा वाचून वाचून नजर अशी तयार झालेली की सुईतले औषध वीसच्या रेघेवर केसभर इकडे नाही की तिकडे नाही. "मापात चूक झाली तर कपडा बी जाते अन् गिऱ्हाईक बी," असे त्या म्हणायच्या.

त्या वर्षी हिवाळ्याआधी त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मशीनच्या पायट्याचा पत्रा लागला होता. साधी जखम, पण भरेना. शुगर तपासली तर फार वर गेलेली. अकोल्याच्या जुन्या शहरात एक डॉक्टर आहेत, चाची त्यांचे औषध घ्यायच्या. हुशार माणूस, हात चांगला, जीभ फटकळ. त्यांनी डोस वीसचा पंचवीस केला, मग तीस. शुगर हलेना. अंगठा काळा पडायला लागला.

त्याच काळात चाची बाटलीसाठी दुकानात कमी येऊ लागल्या. मी विचारले तर खुशीत म्हणाल्या, "भाऊ, बाटली आजकाल लय दिवस पुरते. अल्लाची बरकत आहे."

आता एखाद्या चांगल्या वर्षी बाटली जास्त दिवस पुरते म्हटल्यावर कोणीही थबकला असता. त्या वर्षी कोणी थबकले नाही, कारण प्रत्येक घरात प्रत्येक वस्तू जास्त दिवस पुरवली जात होती. तेल, साबण, चहापत्ती, औषध. बीपीची गोळी एक दिवसाआड खाणारी दहा माणसे मी दाखवली असती. डॉक्टरांनीही तोच अर्थ काढला. भरल्या दवाखान्यात ते चाचींना म्हणाले, "तुम्ही इन्शुलिन चोरता. पैसे वाचवायला डोस बुडवता आणि मला सांगता तीस घेते. येत्या सोमवारी अंगठा काढायचा. नाहीतर पुढे पाऊल काढावे लागेल."

चाची तिथून थेट माझ्या दुकानावर आल्या. पाय चपलेत मावत नव्हता, फडके गुंडाळलेले.

"भाऊ, मी गरीब आहो, पन चोर नाही. साऱ्यांसमोर मले चोर म्हनलं त्यानं. तुमीच सांगा, मी कधी सुई चुकवली?"

मी म्हणालो, "तुम्ही घेता म्हणता, तर घेता. माझा विश्वास आहे."

"विश्वासाचं काय लोणचं घालू? मंग शुगर काहून उतरत नाही, थे सांगा!"

मी फ्रीजचे थर्मामीटर तपासले, बाटलीवरची मुदत पाहिली, मडक्यातली वाळू ओली असते का ते विचारले. सगळे ठीक होते. सुई मात्र पाहिली नाही. लाल टोपण, त्यावर चाळीस छापलेले वेष्टन, त्यात पाहण्यासारखे काही वाटण्याचे कारण नव्हते.

पुढच्या दोन-तीन दिवसांतली गोष्ट. मी परवान्याच्या कामासाठी सकाळीच अकोल्याला गेलो होतो. दुपारी परत आलो तर दुकानात मंडळी एकदम उत्साहात. कंपनीचा माणूस येऊन गेला होता. सोबत एक इंग्रजी पत्र आणि नव्या सुयांचा खोका. पत्रातला मजकूर असा की एका खेपेच्या मालात पॅकिंग करताना गल्लत झाली, शंभरच्या नळ्यांवर चाळीसची लाल टोपणे बसली आणि त्या चाळीसच्या वेष्टनात गेल्या. तो माल परत करावा आणि बदली माल घ्यावा. ही कंपनी कोणती, ते इथे लिहिण्याची गरज नाही. चूक कोणाच्याही कारखान्यात होऊ शकते.

मी गल्ल्यावर उरलेल्या सुयांपैकी एक फोडली. टोपण लाल. नळीवर शेवटचा आकडा शंभर.

बाटली का पुरत होती ते क्षणात कळले. चाची तीसच्या रेघेवर बिनचूक भरत होत्या आणि त्यांना मिळत होते बारा. वीस भरत तेव्हा तर आठच.

"तो मानूस चांगला होता," मंडळी सांगत होती. "म्हने ज्याच्या-ज्याच्याकडं आहेत त्यायले बदलून द्या. मी सगळ्यायले निरोप धाडला. आपले चार जन. चारीयले बदलून देल्या."

"चाचींना?"

"सगळ्यात आधी! त्या अचलपूरले निघाल्या होत्या, नातवाचा अकीका आहे ना, आपल्या बारशासारखा. बसस्टँडवर जाऊन देल्या मी. जुनी सुई काढून घेतली अन् नवीन पाच हातात देल्या. आता तरी शाबासकी द्या."

मी मनात गुणाकार केला. चाचींचा कागदावरचा डोस तीस होता. तो तीस खोट्या सुईने घेतला जात होता म्हणून वाढवला होता. आता हातात खरी सुई. आज संध्याकाळी त्या तीसच्या रेघेपर्यंत भरतील आणि बाराऐवजी खरेखुरे तीस युनिट पोटात जातील. आयुष्यभर वीसवर राहिलेली बाई, वरून डॉक्टरांनी शुगर उतरवण्याच्या गोळ्याही वाढवलेल्या. शुगर एकदम खाली गेली तर माणूस घामाघूम होऊन पडतो, आणि वेळेवर साखर मिळाली नाही तर उठत नाही.

मी हे सांगितले तेव्हा मंडळीचा चेहरा उतरला. "पन कागदावर तर फक्त बदलून द्या असं होतं."

"हो. कागदावर तेवढेच होते. तुझे काही चुकले नाही. चुकीच्या सुईबरोबर चुकीचा डोसही परत घ्यायला हवा, हे पत्र लिहिणाऱ्याला सुचले नाही."

बाकीचे तिघे गावातच होते. दोघांचे डोस वाढलेले नव्हते. तिसरे बसस्टँडवर चहाची गाडी लावणारे काका. त्यांच्याकडे मी जाता जाताच गेलो. काकांची शुगर त्या महिन्यांतही जशीच्या तशी होती, म्हणून मला कोडे होते.

"काका, तुम्ही सुई किती भरता?"

"अर्धी."

"म्हणजे कोणत्या आकड्यावर?"

"आकडे कोन वाचते राजा! डाक्टरनं वीस सांगितले, तुमी म्हनले का वीस म्हनजे अर्धी. तईपासून अर्धी. चहा घेता का?"

अर्धी नळी म्हणजे अर्धा मिलिलिटर, सुई कोणतीही असो. चाळीसच्या बाटलीतले वीस युनिट. काका ढोबळपणामुळे वाचले होते आणि चाची काटेकोरपणामुळे फसल्या होत्या. माझ्यासारख्या आकडेवाल्या माणसाला हे पचायला थोडे जड गेले, पण हिशेब हिशेब आहे.

त्याआधी मी दुकानातून अचलपूरला फोन लावला होता. मुलीच्या घरी फोन नव्हता. समोरच्या किराणा दुकानाचा नंबर चाचींनी कधीतरी दिलेला. मागे माणसांचा गलका. "हा हा, बोल देता हूं, सुई का ना? बोल देता हूं," असे म्हणून दुकानदाराने फोन ठेवून दिला. काय बोलणार होता देव जाणे. सुई घेऊ नका एवढाच निरोप गेला तर चाची दोन दिवस घेणारच नाहीत, आणि तो अंगठा असताना तेही परवडणारे नव्हते. हा निरोप तोंडातोंडी पोचवण्यासारखा नव्हता. मी अकोल्याच्या बसमध्ये बसलो.

अकोल्यात बाळापूर नाक्याला उतरून आधी डॉक्टरांकडे गेलो. डोस ठरवणे माझे काम नाही. ते मी कधी केले नाही आणि त्या दिवशीही करणार नव्हतो. दवाखान्यात गर्दी होती. मी कंपाउंडरला बाजूला सारून आत गेलो आणि टेबलावर दोन सुया ठेवल्या. दोन्ही लाल टोपणाच्या.

"हे काय? नंबर आहे का तुमचा?" डॉक्टर म्हणाले.

"नंबर नाही. टोपणे काढून आकडे वाचा."

त्यांनी वाचले. पुन्हा वाचले. खिशातले पेन काढून कागदावर एक भागाकार केला. त्याची काही गरज नव्हती, पण हाताला काम हवे असते. मग खाली बघत म्हणाले, "बारा."

"आणि त्याआधी आठ. आज संध्याकाळी तीस."

"कुठे आहेत त्या?"

"अचलपूरला. मी तिकडेच निघालोय. किती द्यायचे ते लिहून द्या, उर्दू येत असेल तर उर्दूत, नाहीतर आकड्यात."

त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत वीस लिहिले, गोळी बंद लिहिली, रोज सकाळी शुगर तपासा लिहिले. मी दारापर्यंत गेलो तेव्हा म्हणाले, "सोमवारचे ऑपरेशन... आठ-दहा दिवस थांबू. बघू या."

अकोट, अंजनगाव करत अचलपूरची बस जाते. रस्ता तेव्हा असा होता की बसायची जागा मिळाली तरी अर्धा वेळ माणूस सीटच्या वरच. शेजारच्या माणसाला मी दोनदा विचारले, किती वेळ लागेल. तो म्हणाला, "भाऊ, बस आपली आहे काय? तिले जवा वाटन तवा जाईन." दिवस लहान होते. ऊन संत्र्यांच्या बागांवरून उतरत चालले होते आणि मला एकच चिंता होती. चाची मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची, नमाज झाली की सुई घेतात, मग जेवतात. त्यांच्या सवयी माझ्यापेक्षा कोणाला जास्त माहीत नव्हत्या, आणि त्या मापाइतक्याच वेळेच्याही पक्क्या होत्या.

अचलपूरला उतरलो तेव्हा अजान होऊन गेली होती. रिक्षावाल्याला मोहल्ला सांगितला. गल्लीत मांडव, देगच्या, बिर्याणीचा वास, आणि वीज नाही म्हणून पेट्रोमॅक्स. मी कोणाला न विचारता आवाजाच्या दिशेने गेलो, कारण चाचींचा आवाज मांडवापर्यंत येत होता.

"मी नाही घेनार म्हनलं ना!"

आत त्या पलंगावर बसल्या होत्या, पाय उशीवर, हातात भरलेली सुई. समोर मुलगी कमरेवर हात ठेवून. "अम्मी, डॉक्टर ने तीस बोला है, तो तीस लो. सुई नका घेऊ असं तो समोरचा दुकानवाला बोलते, डॉक्टर तीस बोलते, किसका सुनूं मैं?"

मला पाहून चाचींना आश्चर्य वाटले असेल, पण त्यांनी ते दाखवले नाही. सुई माझ्यासमोर धरली. तीसच्या रेघेवर, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. पाऊण नळी भरलेली.

"भाऊ, बरं झालं आले. हे पाहा. सकाळपर्यंत तीस भरलं तर नळी तिसरा हिस्सा बी भरत नव्हती. आता तीस भरलं तर पाऊन. टेप एक, माप एक, अन् कुडता दुप्पट? मी शिवनारी बाई आहो. मी असा कपडा कापत नाही. आधी मले समजवा, मंग टोचतो."

मी म्हणालो, "चाची, ती सुई खाली ठेवा. सांगतो."

दोन्ही सुया शेजारी धरून दाखवल्या. त्यांना समजायला मला जेवढा वेळ लागला होता त्याहून कमी लागला. एकावर शेवटी चाळीस, एकावर शंभर. "म्हनजे इंचाचा टेप काढून सेंटीमीटरचा देल्ला, अन् वर नाव इंचाचं," त्या म्हणाल्या. अडीचाचा आकडा मी सांगण्याआधी त्यांनीच सांगितला. त्यांच्या रोजच्या वापरातला होता तो.

मग त्यांनी उशीवरच्या पायाचे फडके नीट केले. मला वाटले अंगठ्याचा विचार करताहेत.

"म्हनजे मी चोर नव्हती."

"नव्हता."

"डाक्टरले माईत आहे हे?"

"आज दुपारी कळले. ही त्यांची चिठ्ठी."

त्यांनी चिठ्ठी वाचली, सुईतले जादा औषध टिपकागदावर सोडून वीसच्या रेघेवर आणले, टोचून घेतले आणि मुलीला म्हणाल्या, "आता भाऊले जेवाले वाढ. बाळापूरहून आले थे, काय तोंड पाहाले आले?" मी शाकाहारी आहे हे त्यांना माहीत होते. शेजारच्या घरातून माझ्यासाठी पिठले-भाकरी आली. त्या रात्री मी तिथेच राहिलो आणि सकाळी शुगर तपासूनच निघालो. बऱ्याच दिवसांनी आकडा खाली आलेला होता.

कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. सगळा माल परत केला अशी माझी सही हवी होती. मी म्हणालो, "सही देतो. पण खाली मी लिहिणार की सुट्या गेलेल्या सगळ्या सुया परत मिळालेल्या नाहीत, आणि ज्यांचा डोस या काळात वाढला त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवी सुई देऊ नये."

"साहेब, फॉर्मवर तसा रकाना नाही."

"म्हणून तर हाताने लिहितोय."

तो चांगला पोरगा होता. त्याने ते तसेच नेले आणि मला वाटते वरती कोणीतरी वाचलेही, कारण पंधरवड्याने होलसेलवाल्यांकडे दुसरे पत्र आले. ते मराठीत होते आणि त्यात डोसाबद्दल स्पष्ट ओळ होती. तोवर माझे जिल्ह्यातल्या ओळखीच्या सगळ्या मेडिकलवाल्यांना फोन करून झाले होते. बहुतेकांनी सुया सुट्याच विकल्या होत्या. एकाने विचारले, "मले कसं आठवन कोनाले देल्या?" मी म्हणालो, "ज्याची बाटली जास्त दिवस पुरून राहिली, त्याले पहिले विचार." त्याला दोन माणसे सापडली.

चाचींचा अंगठा आठ-दहा दिवसांनी डॉक्टरांनी पाहिला, मग पुन्हा पाहिला. काळेपणा थांबला होता. नख गेले, टोकाचे थोडे मांस काढावे लागले, पण अंगठा राहिला. त्या शेवटच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, कारण त्यांनी मला मुद्दाम नेले होते.

दवाखाना नेहमीसारखा भरलेला. तपासून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "छान. आता महिन्याने या."

चाची उठल्या नाहीत. म्हणाल्या, "डाक्टरसाब, तुमी मले चोर म्हनलं थे बाहेर म्हनलं होतं. आत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले, मी काही मदत केली नाही. मग ते उठले, पडदा सारून बाहेरच्या बाकांपाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "या बाईंनी एकही डोस चुकवला नव्हता. सुई खोटी होती. मी चुकीचे बोललो होतो."

बाकांवरच्या माणसांना त्यातले काही समजले नसणार. त्या दिवशीचे लोक वेगळेच होते. एका म्हाताऱ्याने उगीच मान हलवली. चाचींना तेवढे पुरले. त्यांनी चपलेत पाय घातला, आता मावत होता, आणि मला म्हणाल्या, "चला भाऊ. लग्नाचे कपडे पडले आहेत घरी."